नऊ गोळ्या

मे 2021. पालघरच्या किनाऱ्यावर दांडीत आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, धावपळ चालली होती. वलांडीवर शेवटचे बोंबील सुकत होते आणि माडीवर धाकटे भावोजी कोरोनाने झोपून होते. त्यातच तौक्ते वादळाचा इशारा आला. होड्या खाडीत घेतल्या, दोर दुहेरी बांधले. 17 तारखेला वारा सुटला तो कौलं उडवतच. वीज गेली.

मी काय केलं? सगळं. भावोजींचं ताट, सासूबाईंचं अंथरूण, भिजलेले बोंबील, गळकं छप्पर. "तुम्ही बसा हो, मी बघते!" पेजेबरोबर खाऱ्या मासळीचा तुकडा तोंडात टाकला की माझं जेवण झालं. रात्री होडीच्या बॅटरीवर चार्ज केलेला फोन घेऊन बसायची. पी-305 तराफा बुडाल्याची बातमी, मग इथे वडराईच्या खडकात अडकलेला 'गाल कन्स्ट्रक्टर' तराफा. त्यावरचे 137 जण सुखरूप उतरले, हे कळल्यावरही तेच तेच व्हिडिओ बघत राहिले.

पाचव्या दिवशी डोकं ठणकू लागलं. म्हटलं, ऊन लागलं असेल. सहाव्या दिवशी मोरीत तोल गेला. जाऊबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट शोधलं, तर दहातल्या नऊ तशाच. वरचा आकडा 190. डॉक्टर म्हणाले, "बाई, वादळ कधीच गुजरातला गेलं."

तेव्हापासून आम्ही झोप पाळीने घेतो. चार-चार दिवस समुद्रावर असलेल्या होडीत तांडेलसुद्धा झोपतो, कारण सुकाणूवर दुसरा असतो. घरातल्या बाईला मात्र वाटतं, आपण डोळा मिटला की घर बुडालं. मदत मागताना 'जरा हात लावा' म्हणू नका, कोणी हलत नाही. 'दुपारचं ताट तू वर ने' असं नेमकं सांगा. रक्तदाब असेल तर खारं बाजूला ठेवा, त्यात मीठच मीठ. नुसता डाळभात चालेल, पण बसून खा. हवामान खात्याचा अंदाज सकाळ-संध्याकाळ बघा, मधले व्हिडिओ कशाला? श्वासाचे व्यायाम चांगले असतीलही. त्या आठवड्यात मला ते कोणी शिकवायला आलं असतं, तर त्याला आधी मोरी घासायला लावली असती.

वादळ सरूनही झोप येईना, धडधड थांबेना, जीव नकोसा वाटू लागला, तर 14416 लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा 2022 मध्ये सुरू झाली. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला तर मात्र वाट बघू नका, थेट 108.

गोळ्यांचं पाकीट आता देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असतं. सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण रोज सकाळी चष्मा लावून त्यातली रिकामी घरं मोजतात.