सभेतील वाणी : गृहस्थाचे विसरलेले तप

सकाळी गीतेचा अध्याय म्हणणारा गृहस्थ सायंकाळी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेस जातो. विषय पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा असतो. खर्चाचा आकडा वाचला जाताच कोणी चिटणिसास ‘किती खाल्ले?’ असे विचारतो; चिटणीस त्याची थकबाकी काढतो; आणि घटकाभरात टाकी बाजूला राहून एकमेकांची कुळे उद्धरली जातात. मंदिराच्या विश्वस्तसभेत, ज्ञातिसंस्थेत, ग्रामसभेत थोड्याफार फरकाने हेच घडते. याची खरी हानी त्या दिवशी दिसत नाही. पुढील वर्षी मितभाषी, विचारी माणूस सभेकडे फिरकत नाही आणि सर्वांचे निर्णय मोठ्या आवाजाच्या चार जणांच्या हाती जातात. १९९३ साली ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले; परंतु दुर्बळासही तेथे निर्भयपणे बोलता यावे, हे केवळ कायद्याने साधत नाही. त्यासाठी वाणीचा संयम लागतो.

या संयमासच भगवंतांनी तप म्हटले आहे. सतराव्या अध्यायातील १४, १५ व १६ या श्लोकांत शरीराचे, वाणीचे व मनाचे तप क्रमाने सांगितले आहे. वाणीच्या तपात स्वाध्यायाबरोबर बोलण्याची चार लक्षणे येतात : ते ऐकणाऱ्यास उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात स्पष्ट केले आहे की ही चारही लक्षणे एकत्र हवीत. एक जरी उणे पडले तरी ते बोलणे तप ठरत नाही. ‘आम्ही स्पष्टवक्ते’ असे म्हणून भर सभेत दुसऱ्याची अब्रू घेणाऱ्याचे सत्य येथे अपुरे पडते. तसेच गोड बोलून हिशेबातील चूक झाकणाऱ्याचे प्रियही अपुरेच पडते. सौजन्य म्हणजे खुशामत नव्हे.

मग मतभेद असूच नयेत काय? तसे नाही. दहाव्या अध्यायाच्या ३२ व्या श्लोकात भगवंतांनी आपल्या विभूतींमध्ये वादाची गणना केली आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. प्रमाण व तर्क यांच्या आधारे सत्यनिर्णयासाठी चालतो तो वाद; जिंकण्यासाठी शब्दच्छलही वापरतो तो जल्प; आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा मोडून काढते ती वितंडा. ‘ही रक्कम कोणत्या कामास लागली, पावती दाखवावी’ हा वाद होय. ‘तुम्ही काय, असलेच!’ हा जल्प होय. कोणतीही योजना येवो, दुसरा उपाय न सुचविता ती हाणून पाडणे ही वितंडा होय. यांपैकी पहिलाच भगवंतांची विभूती आहे.

महाभारतात गीता संपते तेथेच याचे दर्शन घडते. दोन्ही सैन्ये सज्ज असता युधिष्ठिर कवच व शस्त्रे उतरवून पायी शत्रुसैन्यात जातो आणि भीष्म, द्रोण, कृप व शल्य यांना वंदन करून युद्धाची अनुज्ञा मागतो. त्याने आपला हक्क सोडला नाही, युद्धही टाळले नाही. विरोध करावयाचा आहे म्हणून आदर मात्र टाकला नाही. प्रत्यक्ष रणांगणात जे शक्य झाले, ते टाकीच्या दुरुस्तीपायी अशक्य का व्हावे?

याउलट, सभ्यतेच्या नावाखाली गप्प बसणे हाही धर्म नव्हे. द्यूतसभेत द्रौपदीने न्यायाचा प्रश्न विचारला तेव्हा बहुतेक सभासद मौन धरून राहिले. वयाने लहान असलेल्या विकर्णाने तिची बाजू मांडली, तर त्याला पोर ठरवून कर्णाने झिडकारले. त्या सभेत वडिलांचे मौन आणि कर्णाचा तिरस्कार यांनी मिळून न्यायाचा आवाज बुडविला. गीतेत मौन हे मनाच्या तपात गणले आहे, वाणीच्या तपात नव्हे, हेही ध्यानी घेण्यासारखे आहे. मन क्षुब्ध होऊ न देणे हे मौनाचे काम. अन्यायासमोर जीभ आवरणे हे नव्हे.

गृहस्थाने हे तप अल्पशा नियमांनी आरंभावे. बोलावे ते विषयावर, व्यक्तीवर नव्हे. विरोधकाचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे आणि मग उत्तर द्यावे. शास्त्रकार पूर्वपक्ष मांडत असत तो याच रीतीने. दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडू नये. अध्यक्षाने सर्वांत हळू आवाजाच्या माणसास प्रथम संधी द्यावी. कठोर शब्द सभेत गेला तर क्षमाही सभेतच मागावी, घरी जाऊन एकांतात नव्हे. आणि उठण्यापूर्वी हेतू तपासावा : मानसन्मानासाठी केलेले तप राजस आणि दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तामस, असा निवाडा त्याच अध्यायाच्या १८ व १९ या श्लोकांत दिलेला आहे.

सभा संपल्यावर गृहस्थ घरी येतो आणि जेवताना प्रतिपक्षाविषयी बोलतो. पानावर बसलेली मुले ते ऐकत असतात. उद्याच्या सभेची भाषा तेथेच घडते.