सुटीतील व्हायोलिनचा सराव

वार्षिक परीक्षा आटोपली की शाळेचे व्हायोलिन कपाटात बंद होते. मोडेल ही भीती रास्त आहे. तथापि कोंडलेल्या वाद्यावर कोणी शिकत नाही. जडसंग्रह वहीत नोंद करून व पालकांची सही घेऊन ते मुलाच्या घरी द्यावे. या वाद्यास सतारीसारखे पडदे नाहीत. स्वराची जागा कानानेच शोधावी लागते, म्हणून सहा आठवड्यांचा खंड त्यास फार बाधतो.

“रोज तासभर वाजव” असे बजावल्याने मूल वाजवीत नाही. त्यास ऐकणारा हवा. जपानात शिनिची सुझुकी यांनी १९४६ साली मात्सुमोतो येथे जो उपक्रम आरंभिला, त्यात आधी आईसही थोडे वादन शिकवीत, मुलांस घरी त्याच धुना वारंवार ऐकवीत आणि सर्वांस एकत्र वाजवावयास लावीत. आपणही सुटीपूर्वी प्रत्येकास भजनाची एखादी सोपी चाल द्यावी व ती कोणास ऐकवावयाची हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. आजी चालेल, मामाच्या गावचे भजनी मंडळ तर उत्तमच. पेटीच्या स्वराशी तारा जुळविण्यातच निम्मा सराव होतो. चुकल्यास हसू नये, हे पालकांस आधी सांगावे. लग्नघरी हसे झालेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने पुढे महिनाभर गजास हात लावला नव्हता.

वैशाखात वाद्य पत्र्याखाली ठेवू नये, सरसाचे सांधे सुटतात. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करावेत.

शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी कोणी कोणास काय ऐकविले, एवढेच विचारावे. किती तास वाजविले, हे विचारू नये.