उंबर फोडून केंबरे काढू या!

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंदिराच्या स्वयंपाकघरात एक छोटासा प्रसंग घडला. एका काकूंनी नेहमीप्रमाणे नैवेद्यासाठी अंजीर बर्फी आणली होती. डबा उघडताच कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, "आजी, अंजिरात किडा मरतो ना? मग हे व्हेज कसं?" काकू माझ्याकडे पाहू लागल्या. मी डॉक्टरी ऐटीत सांगून टाकले, "किडेबिडे काही नसतात. इंटरनेटवर काहीही येतं." मुलगी गप्प बसली, पण काकूंच्या मनात शंका शिरली ती शिरलीच. त्यांनी डबा झाकला आणि घरी परत नेला.

त्या रात्री मी पुस्तके उघडली. चूक माझी होती! वाचकहो, हा लेख म्हणजे ती चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न आहे.

बारावीत आपण सहजीवनाची व्याख्या घोकलेली असते. दोन वेगळ्या जातींच्या जीवांनी एकमेकांच्या निकट राहणे म्हणजे सहजीवन. त्याचे प्रकार तीन. आंब्यावरचे बांडगूळ झाडाचा रस शोषते. एकाचा फायदा, दुसऱ्याचे नुकसान. त्याच आंब्यावरचे ऑर्किड नुसते बसायला जागा घेते. आंब्याला ना नफा ना तोटा. तिसऱ्या प्रकारात दोघांचाही फायदा होतो. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या दत्ताच्या देवळापाशीच उभे असते, ते म्हणजे औदुंबर.

क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. प्रत्यक्षात उंबराला फुले भरपूर येतात, फक्त ती बाहेर दिसत नाहीत. उंबर म्हणजे तोंड मिटलेला एक गडूच. आतल्या बाजूने शेकडो बारीक फुले लागलेली आणि टोकाला एक अरुंद छिद्र. तिथे ना वारा पोचतो ना मधमाशी. पोचते ती गांधीलमाशीच्या कुळातली, चिलटाएवढी एक मादी. आपण जिला केंबरे म्हणतो त्यातलीच ती. छिद्रातून घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, सोबत आणलेले पराग इतर फुलांवर टाकते आणि तिथेच मरते. पुढे नव्या पिढीतले बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात, उंबराच्या भिंतीत भुयार खणतात आणि मरतात. त्या वाटेने पराग घेऊन माद्या उडतात. हाताशी वेळ जेमतेम एक-दोन दिवसांचा; तेवढ्यात दुसरे उंबर गाठायचे.

हिशेब पाहा. झाड काही फुले बाळंतघर म्हणून देते, माशी त्या बदल्यात बाकीच्या फुलांत बी धरवते. दोघांनाही किंमत मोजावी लागते, आणि दोघांपैकी एकाचाही वंश दुसऱ्यावाचून चालत नाही. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे एकाच कुळातले. या कुळात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत आणि बहुतेकींची माशी ठरलेली आहे. हा संसार काही कोटी वर्षे चालू आहे! माशीला सतत फळ लागते, म्हणून रानात या ना त्या झाडावर बारा महिने फळ असते. इतर झाडे रिकामी असतात तेव्हा धनेश आणि वटवाघळे यांच्यावरच जगतात.

आता आपल्या फ्रेस्नोची गोष्ट. १८८० च्या सुमारास तुर्कस्तानातल्या स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर, भागातल्या अंजिराच्या फांद्या कॅलिफोर्नियात आणून लावल्या. झाडे जोमाने वाढली, पण फळे न पिकताच गळून पडत. तिकडचे शेतकरी रानअंजिरे या झाडांवर टांगतात, हे ऐकून इथल्या लोकांनी अडाणी समजूत म्हणून हसण्यावारी नेले. १८९० मध्ये फ्रेस्नोचे बागायतदार जॉर्ज रोडिंग यांनी हाताने पराग घालून पाहिले आणि ती फळे पिकली! अखेर १८९९ मध्ये शेतकी खात्याचे वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियाहून पाठवलेल्या माश्या फ्रेस्नोत रुजल्या. झाड परदेशी आले होते, पण त्याचे माणूस मागे राहिले होते. ही गोष्ट वाचताना, तुमच्या-माझ्यासारख्यांना वेगळे काही समजावून सांगायला नको.

अंजिरात मात्र एक फरक आहे. माश्या वाढतात त्या रानअंजिराच्या झाडावर. आपण खातो त्या अंजिराच्या फुलांची रचना अशी असते की माशीला अंडी घालताच येत नाहीत. ती फसून आत शिरते, पराग देऊन मरते, आणि अंजिरातले फायसिन नावाचे पाचकद्रव्य तिचे शरीर बरेचसे विरघळवून टाकते. दाताखाली कुरकुरते ते बी असते, माशी नव्हे.

मग अंजीर शाकाहारी की नाही? स्मर्ना जातीला, म्हणजेच इथल्या कॅलिमर्नाला, माशी लागतेच. काळे मिशन अंजीर मात्र परागाशिवाय पिकते. आपल्याकडचे पुणेरी अंजीरही तसेच. ज्यांना शंका वाटते त्यांनी ही निवडावीत. मी स्वतः कॅलिमर्नाही खातो, कारण त्या माशीला मारायला माणूस जात नाही. तो व्यवहार आपल्या आधीपासूनचा आहे. पण हे माझे मत झाले. नैवेद्याचे ज्याने त्याने ठरवावे.

'उंबर फोडून केंबरे काढणे' ही म्हण उगाच दोष उकरण्याला लावतात. त्या मुलीने उंबर फोडले ते बरेच झाले. मी तिला फोन करून म्हटले, "तुझं बरोबर होतं." ती म्हणाली, "काका, मग आजींना सांगू या ना!" आम्ही दोघे मिशन अंजिराची पिशवी घेऊन काकूंकडे गेलो. काकूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "एवढंच होतं, तर त्या दिवशी का नाही सांगितलंत, डॉक्टर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. यंदा बर्फी येणार आहे.