ग्राहकाची ठेव आणि इंटरनेटचे जाळे

दिवाळीच्या सायंकाळी आपण चोपडीपूजन करतो, तेव्हा लक्ष्मीबरोबर एका अलिखित विश्वासाचीही पूजा होत असते. डिचोलीच्या वा पेडण्याच्या पेठेतील दुकानदाराला गावाची कितीतरी गुपिते ठाऊक असत. कोणत्या घरी लग्नासाठी किती कापड गेले, कोणाची उधारी दोन वर्षे थकली, कोणी कोणत्या अडचणीत दागिना मोडला, हे सर्व त्याच्या चोपडीत नोंदलेले असे आणि तेथेच राहत असे. ग्राहक त्याच्याकडे पुन्हा येई तो जितका मालाच्या दर्जामुळे, तितकाच या मौनामुळे.

आज ती चोपडी मोबाईलमध्ये गेली आहे. उधारीची नोंद ॲपमध्ये, मालाची मागणी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयने, आणि हरमल-मोरजीस उतरलेल्या पाहुण्याच्या पासपोर्टचे छायाचित्र एखाद्या व्यवस्थापकाच्या फोनमध्ये, अशी स्थिती आहे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली आणि पेडणे तालुक्यात अशा पाहुण्यांचा राबता अधिकच वाढला. दुकानदार अजूनही मौन पाळतो आहे. परंतु ज्या पेटीत त्याने ग्राहकाचे गुपित ठेवले, त्या पेटीची किल्ली आता दुसऱ्याच कोणाकडे असते. हा बदल आपल्या धंद्याच्या मुळाशी भिडणारा असल्यामुळे त्याचा विचार सभासद बंधूंनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी स्वस्थपणे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विचाराला लागणारी परिभाषा आपल्याच शास्त्रात तयार आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. सत्याणुव्रताचे अतिचार पाच : मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. यांपैकी खोटा उपदेश आणि खोटा लेख यांचा अर्थ सांगण्याची गरज नाही. रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याने एकांतात केलेली वा बोललेली गोष्ट चव्हाट्यावर आणणे. साकारमंत्रभेद त्याहूनही सूक्ष्म आहे. माणसाने तोंडाने काहीच सांगितलेले नाही, पण त्याच्या चर्येवरून, भुवयांच्या हालचालीवरून त्याच्या मनातील हेतू ओळखावयाचा आणि तो उघड करावयाचा, हा तो दोष होय. समाजमाध्यमे चालविणाऱ्या मोठ्या कंपन्या आज नेमके हेच करून पैसा मिळवितात. आपण कोणत्या चित्रापाशी किती क्षण थांबलो, काय शोधले, मध्यरात्री काय वाचले, यांवरून आपल्या मनातील हेतूचा अंदाज बांधला जातो आणि त्या अंदाजावर जाहिरातदाराकडून मोल घेतले जाते. धर्मशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांची ओढूनताणून सांगड घालण्याची हौस प्रस्तुत लेखकास नाही. पण येथे ती घालावीच लागत नाही.

न्यासापहाराचा अर्थ तर प्रत्येक व्यापाऱ्याने मुळातून पाहावा असा आहे. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत या दोषाचे जे स्पष्टीकरण आहे, त्यात ठेव सरळ बुडविणारा लबाड येत नाही. ठेव ठेवणारा मनुष्य आपण किती ठेवले हे विसरतो आणि कमी रक्कम मागतो. ठेव सांभाळणारा 'होय, इतकेच होते' असे म्हणतो आणि उरलेले गिळतो. खोटे बोलणारा येथे फार थोडे बोलला आहे. त्याने केवळ समोरच्याच्या विस्मृतीचा लाभ घेतला. आता मोबाईलवरील लांबलचक अटींखाली 'मान्य आहे' या शब्दांवर बोट टेकविणाऱ्या ग्राहकाचा विचार करा. त्याने किती दिले याची मोजदाद त्याच्याकडे नसते आणि ती नसते म्हणूनच घेणाऱ्याचे फावते.

यावर उपाय म्हणून काही वर्षांपासून विकेंद्रित जाळ्यांची चर्चा चालू आहे. आपल्याला ती कल्पना हुंडीच्या व्यवहारावरून चटकन समजेल. हुंडीच्या काळात साऱ्या देशाची मिळून एकच पेढी नव्हती. प्रत्येक पेढीची चोपडी स्वतंत्र, मुनीम स्वतंत्र, पत स्वतंत्र; तथापि एका पेठेत लिहिलेली हुंडी शेकडो कोसांवरच्या पेठेत पटत असे, कारण लिहिण्याची आणि पटविण्याची रीत सर्वांनी मानलेली होती. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' आणि तीही हरवली तर 'परपेठ' लिहून देण्याची सोयही त्या रीतीतच होती. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले 'मॅस्टोडॉन' हे समाजमाध्यम याच धर्तीचे आहे. त्यात एक मालक नाही. कोणतीही संस्था वा व्यक्ती आपला सर्व्हर थाटू शकते. एका सर्व्हरवरील सभासद दुसऱ्या सर्व्हरवरील सभासदाशी बोलू शकतो. त्यासाठीची समाईक रीत 'ॲक्टिव्हिटीपब' या नावाने जानेवारी २०१८ मध्ये जागतिक मानक म्हणून मान्य झाली. भारतात या माध्यमाचे नाव अनेकांच्या कानी प्रथम पडले ते २०१९ च्या नोव्हेंबरात. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते त्या कंपनीने बंद केले, आणि त्याचा निषेध म्हणून बरेच लोक मॅस्टोडॉनकडे वळले. बहुतेक पुढे परतही फिरले, हेही सांगितले पाहिजे. बाजार जेथे भरतो तेथेच गिऱ्हाईक जाते.

एकाच मालकाच्या वखारीत सर्वांनी माल ठेवण्याचा धोका मात्र खोटा नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली, कारण तिन्हींची मालकी एकच होती. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलून मूळ कंपनीशी माहितीची देवघेव वाढविली, आणि मान्य करा नाहीतर सेवा सोडा असा प्रकार झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यासाठी मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. ज्या पेठेत एकच अडत्या आहे, तेथे शेतकऱ्याच्या 'होय' ला किती अर्थ असतो, हे आपणास ठाऊकच आहे.

पण विकेंद्रित म्हणजे सुरक्षित, असा समज करून घेणे भोळेपणाचे ठरेल. व्हॉट्सॲपवरील संदेश निदान दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो; मॅस्टोडॉनवरील खासगी संदेश सर्व्हर चालविणाऱ्यास वाचता येऊ शकतो. एका सर्व्हरवर लिहिलेला मजकूर दुसऱ्या दहा सर्व्हरांवर उतरतो. मूळ लेखकाने तो पुसला तरी सर्वत्र पुसला जाईल याची हमी नसते. पेढ्या अनेक झाल्या की एका मोठ्या मालकाची सत्ता जाते खरी, पण ठेव सांभाळणारे हात वाढतात, आणि त्यांतील प्रत्येक हात स्वच्छ असावा लागतो.

शासनाने या क्षेत्रात किती हात घालावा, हा प्रश्न गोमंतकीयांना पुस्तकी वाटू नये. पोर्तुगीज अमलात छापील मजकूर आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. म्हणूनच वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना १९५५ पासून मुक्तीपर्यंत, आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून, गुप्त रेडिओ चालवावा लागला. स्वतंत्र भारतातही माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होते. त्याखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली, आणि २०१४ मध्ये गोव्यातही एका तरुणावर गुन्हा नोंदविला गेला. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. पुढे शासनाविषयीच्या मजकुराची सत्यासत्यता शासनाच्याच कक्षाने ठरवावी, असा नियम २०२३ मध्ये आला. ज्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात गोवा येतो, त्याने तो सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविला. वजनमापाची तपासणी करणारा अधिकारी आवश्यक आहे, पण त्याचे स्वतःचे दुकान असू नये, अशा साध्या न्यायाने हा निर्णय आम्हास योग्य वाटतो.

आता थेट आपल्या गल्ल्यापर्यंत येणाऱ्या कायद्याकडे वळू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ११ ऑगस्ट २०२३ रोजी संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि व्यापाऱ्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहेत. ग्राहकाची माहिती कशासाठी व कशी वापरावी हे ठरविणाऱ्यास या कायद्यात 'डेटा फिड्युशियरी' म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ विश्वस्त. दुकान लहान आहे एवढ्याच कारणाने त्याचा मालक या नावातून सुटत नाही. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दुकानास एवढा दंड होईल असे नव्हे, पण कायद्याचे गांभीर्य त्यावरून कळते. सरकारने आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे राखून ठेवला आहे, आणि ही त्या कायद्याची दुबळी बाजू होय.

कागदावरील लाल चोपडी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. परंतु तिच्या पानाचे छायाचित्र काढून ते मोबाईलमध्ये साठविले की ती माहिती कक्षेत येते. संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली असावी, आणि कामास लागेल तेवढीच माहिती घ्यावी, असा दंडक आहे. बिल करताना ग्राहकाच्या फोन क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दिली होती. संमतीसाठीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकास द्यावी लागेल. म्हणजे मराठीत किंवा कोंकणीत ती मागण्याचा त्यास हक्क आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास पालकांची खातरजमा केलेली संमती हवी. आपल्या घरातील मुले कोणत्या वयात कोणत्या माध्यमावर खाते उघडतात, हे पाहण्याची जबाबदारी अर्थात कायद्याआधी घरच्यांची आहे.

फोन क्रमांकांच्या तयार याद्या विकत घेऊन जाहिरातीचे संदेश पाठविण्याची प्रथाही पडली आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान' आहे : चोराने आणलेला माल घेणे. ज्यांची नावे त्या यादीत आहेत त्यांनी ती आपणास दिलेली नाहीत, मग ती कोणाकडून आली हा प्रश्न घेणाऱ्याने विचारलाच पाहिजे. राज्याच्या नियमांचे उल्लंघन, 'विरुद्धराज्यातिक्रम', हाही त्याच व्रताचा अतिचार आहे. डिचोली तालुक्यातील कुडणे येथील 'गुजिर' आणि नार्वे येथील 'जैनकोट' यांचे भग्नावशेष पाहिले म्हणजे या भूमीत आपला धर्म किती जुना आहे हे कळते. त्या काळच्या श्रावक व्यापाऱ्यांनाही हीच दोन नावे पाठ असणार.

राहता राहिला पाहुण्यांच्या कागदपत्रांचा प्रश्न, जो पेडणे तालुक्यातील निवासगृहे चालविणाऱ्यांना रोजच पडतो. परदेशी पाहुण्याची माहिती शासनास कळविणे बंधनकारक आहे आणि ती कळविलीच पाहिजे. परंतु ती कळविल्यानंतर पासपोर्टची छायाचित्रे नोकराच्या खासगी फोनमध्ये वर्षानुवर्षे पडून राहण्याचे काहीच कारण नाही. देशी पाहुण्याकडून आधार घेताना शेवटचे चार आकडे तेवढे दिसतील अशी 'मास्क्ड आधार' प्रत मागावी. ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. हंगाम संपला की नोकर गावी जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचा फोनही जातो. कोणाच्या फोनमध्ये कोणाचे काय आहे, याची एक यादी मालकाने स्वतः करावी, हंगामाअखेर नोकराचा हिशेब चुकता करताना त्याच्यासमक्ष ती छायाचित्रे पुसून घ्यावीत, आणि पुढील हंगामासाठी निवासगृहाचा स्वतंत्र फोन घ्यावा.