दिवाळीनंतर कुठे असाल?

मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात मी समाजसेवा अधीक्षक आहे. एमएसडब्ल्यू करून नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना वाटतं, आपलं काम म्हणजे पैशांची सोय. ते आहेच, पण त्याची वाट निदान ठरलेली आहे. रेशनकार्ड, आरोग्यमित्राकडे नोंदणी, महात्मा जोतिराव फुले योजनेची पूर्वमंजुरी, आणि त्यातून भागलं नाही तर ट्रस्टांना पत्रं. तान्ह्या बाळाचं नाव कार्डावर चढलेलं नसलं, तर जन्मदाखला आणि आईबापाबरोबरचा फोटो जोडून काम होतं. तेवढ्यासाठी कुणाला गावी परत पिटाळू नका. खरी दमछाक मंजुरी आल्यावर सुरू होते.

बीड जिल्ह्यातल्या एका मुलीची फाइल मी या विभागात बदलून आले तेव्हा माझ्याकडे आली. वय पाच. आजार रक्ताचा, एएलएल. मुलांच्या कर्करोगांत हा सर्वांत जास्त आढळतो आणि पुरते उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. सुरुवातीचे जड केमोचे महिने आईने धर्मशाळेत राहून नेटाने काढले होते. मग मेंटेनन्स सुरू झाला. म्हणजे दीड-दोन वर्षं घरी गोळ्या, ठरल्या तारखेला रक्ततपासणी आणि अधूनमधून पाठीतलं इंजेक्शन. केस परत आलेले, पोर अंगणात हुंदडतंय, आणि आजोबा म्हणतात, आता कशाला मुंबई? घात होतो तो याच टप्प्यावर.

दसरा झाला आणि आईबाप ऊसतोडीला सांगलीकडे गेले. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई पोरीला घेऊन मुंबईला निघाली की कोयता मोडतो आणि खाड्याचा दंड बसतो. दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच.

आता आमच्याकडची बाजू बघा. ओपीडीत ‘गैरहजर’ अशी नोंद झाली. फोन लावला, बंद लागला, तसा शेराही पडला. गोळ्या न्यायला कुणी आलं नाही, म्हणून फार्मसीने दिल्या नाहीत. पत्ता गावचा होता, त्यावर पत्र गेलं. घराला कुलूप होतं. प्रत्येक टेबलावरचं रजिस्टर चोख. पोरगी मात्र कुठल्याच टेबलाची नव्हती. पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, आईबाप तिला घेऊन आले तेव्हा अंगावर काळेनिळे डाग होते. आजार उलटला होता. उलटलेल्या आजारावरचे उपचार जास्त जड असतात आणि यशाची खात्री पहिल्याइतकी राहत नाही. तिच्या वडिलांना कुणीतरी ‘निष्काळजी’ म्हणालं. मला ते आजही पटत नाही. माणूस उचलीत अडकलेला होता, आणि हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून नव्या मुलींना माझं पहिलं सांगणं असतं की पत्ता विचारू नका, वर्षाचा फेरा विचारा. पेरणीला कुठे, दिवाळीनंतर कुठे, पट्टा कधी पडतो. मुकादमाचा नंबर घ्या. तो कुरकुर करील, करू दे. पण टोळी कुठल्या शिवारात आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. गावच्या आशाताईंचा नंबर घ्या आणि डिस्चार्जच्याच दिवशी, आई समोर असताना त्यांना फोन लावा. पुढे मूल तारखेला आलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन कुणी करायचा, त्या एका माणसाचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. ‘विभाग’ असं लिहू नका. विभाग फोन करत नसतो.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि इथे मी फार कडक आहे. ६-एमपी रोज घ्यायची असते, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत घरी जातात. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. आम्ही पूर्वी गावच्या बाजाराचा दिवस खूण म्हणून सांगायचो. पण ऊसतोडीच्या कोपीवर गेलं की बाजाराचा वारच बदलतो. आता आठवड्याची गोळी वेगळ्या पुडीत बांधतो, पुडीवर वार लिहितो आणि ‘कोणती कधी देणार?’ हे आईकडून वदवून घेतो. ‘कळलं का?’ असं विचारलं तर ‘हो’ हेच उत्तर येतं.

तापाचंही तसंच. या मुलांच्या पांढऱ्या पेशी कमी असतात, त्यामुळे १०० च्या वरचा ताप म्हणजे त्याच दिवशी मोठं रुग्णालय. क्रोसिन देऊन रात्र काढायची नाही आणि नाक्यावरच्या डॉक्टरकडे सुई टोचून परतायचं नाही. कुटुंब सांगली-कोल्हापूरकडे जाणार असेल तर मिरजेच्या शासकीय रुग्णालयाच्या किंवा कोल्हापूरच्या सीपीआरच्या बालविभागाच्या नावे चिठ्ठी आधीच लिहून आईच्या हातात द्या. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही डॉक्टरांच्या सहीनिशी जोडा. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. मुंबईचे फेरे निदान भाड्यापायी चुकू नयेत.

आणि आईशी एकदा तरी एकटीशी बोला. नवरा-सासऱ्यासमोर ती ‘जमेल’ म्हणते. एकटी असली की गळ्यातलं कधी मोडलं, धाकट्याला कुणाकडे ठेवलंय, जाऊ काय बोलली, सगळं बाहेर येतं. या बोलण्यात गेलेला अर्धा तास कुठल्याच मासिक अहवालात दिसत नाही, त्यामुळे वरिष्ठ तो फुकट गेला असं धरतात. धरू देत.

आईबापांनाही सांगते, उचल घ्यायच्या आधी आम्हाला सांगा. लाज वाटते, कळतं. पण आधी कळलं तर हंगामभर एकाने मुलाजवळ राहावं म्हणून ट्रस्टकडे घरखर्चासाठी मदत मागता येते. हे अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि मुकादम पावसाळ्यातच उचल वाटायला लागतो. म्हणून ऊसतोडीच्या घरांच्या फाइली मी जूनमध्येच काढून बसते.