दुकान चालू ठेवून भाव कसे बदलावेत?

व्यापारी बांधवांनो, २२ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर जीएसटीचे नवे दर लागू झाले. चपला-बुटांपुरते बोलायचे तर २५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर कर ५ टक्के झाला. त्याआधी १००० रुपयांपर्यंत १२ आणि त्यावर १८ टक्के होता. म्हणजे कर वगळून २००० रुपयांच्या जोडीवर आदल्या दिवशी ३६० रुपये कर होता, तो दुसऱ्या दिवशी १०० झाला. संगणकात जुना दर राहिला तर गिऱ्हाइकाकडून एका जोडीमागे २६० रुपये जादा घेतले जातात.

कर तर कधीतरी बदलतो, मालाचे भाव मात्र वारंवार बदलतात. म्हणून ही पद्धत एकदा नीट समजून घ्यावी.

सर्व मालाची मूळ नोंदवही संगणकात एका जागी असते. प्रत्येक बिलाच्या वेळी ती उघडायची तर वेळ लागतो. म्हणून तिची एक नक्कल गल्ल्याजवळ, संगणकाच्या झटपट स्मरणात ठेवतात. या नकलेला 'कॅशे' म्हणतात. रोकड या अर्थाची कॅश ती नव्हे. गल्ल्यासमोर पुठ्ठ्यावर टांगलेले भावपत्रक असावे, तशी ती असते.

हे भावपत्रक बदलताना दोन चुका हमखास होतात. पहिली, चालू यादीतच एकेक भाव खोडून नवा लिहिणे. काम अर्धे झाले असताना गिऱ्हाईक आले तर एकाच बिलात एक जोडी जुन्या भावाने आणि दुसरी नव्या भावाने लागते. दुसरी चूक म्हणजे सगळी यादी एकदम पुसणे. मग सारे गल्ले एकाच वेळी मूळ नोंदवहीकडे धावतात, संगणक अडकतो आणि दुकानात रांग लागते.

बूट बनवणारा कारागीर वापरात असलेला फर्मा तासत बसत नाही. नवा फर्मा बाजूला तयार करतो, तपासतो आणि मगच कामाला घेतो. येथेही तेच करावे.

१. नवी यादी वेगळ्या नावाने तयार करावी. तोवर विक्री जुन्या यादीवर चालू राहू द्यावी.

२. नवी यादी तपासावी. मालाची संख्या मूळ नोंदवहीशी जुळते का? कोठे भाव शून्य तर नाही? दहा-बारा वस्तूंचे बिल हाताने करून पाहावे.

३. यादी भरत असताना मूळ वहीत एखादा भाव बदलला असेल, तर तोही नव्या यादीत घ्यावा.

४. 'सध्या ही यादी चालू' अशी एक खूण ठेवावी आणि ती एकाच फटक्यात नव्या यादीकडे वळवावी. रेडिस नावाच्या प्रणालीत 'सेट' हा हुकूम हे काम करतो. त्यात अर्धवट स्थिती राहत नाही.

५. बिल सुरू करताना जी यादी घेतली, तिच्यावरच ते पुरे करावे. बिलावर यादीचा क्रमांक छापावा. कराचा दर बदलणार असेल तर मात्र त्या दिवसाचे पहिले बिल फाडण्यापूर्वीच खूण वळवावी.

६. जुनी यादी लगेच पुसू नये. नवीत चूक निघाली तर खूण क्षणात मागे फिरवता येते. दोन्ही याद्यांना मिळून जागा दुप्पट लागते, तेवढी सोय आधी पाहावी.

गल्ले दोन असतील आणि प्रत्येकाची नक्कल वेगळी असेल, तर एकावर बदल करून थांबू नये. दोन्हीकडील बिलांवरचा यादी क्रमांक ताडून पाहावा. ही चूक सर्वांत उशिरा लक्षात येते.

आपले बिलाचे काम दुसरा कोणी पाहत असेल, तर त्याला एवढेच विचारा : "नवी यादी बाजूला तयार करता की चालू यादीवरच लिहिता?" उत्तरावरून सारे कळेल.

माप कमी देणाऱ्यांना ताकीद देणारी 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरह आपण जाणतो. आता तराजूचे काम संगणक करतो, म्हणून त्याचे माप खरे ठेवणेही आपल्याच जबाबदारीत येते. जादा घेतलेला रुपया नजरचुकीने आला तरी तो गिऱ्हाइकाचाच असतो. चूक सापडली तर बिलावरील क्रमांक पाहून ज्याचे त्याला परत करावे.