ठिणगी कां पडत नाहीं?

सन 2020 च्या जून महिन्याच्या 3 तारखेस निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां आंबा, नारळ व सुपारी यांच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वाटा मोकळ्या करण्याच्या कामीं पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, जिला आमचे लोक नुसतें 'कटर' म्हणतात, फार उपयोगीं पडली. तें यंत्र चालविणारे आतां पुष्कळ आहेत. परंतु तें बंद पडलें असतां कारण शोधणारे थोडे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या वाडींत एका विधवा बाईच्या घरावर आंब्याची मोठी फांदी येऊन टेकली. कटरवाला तरुण आला. यंत्र दहा मिनिटें चाललें आणि थांबलें, तें पुन्हां सुरू होईना. दुकानांत त्यास सांगण्यांत आलें कीं, कॉइल जळली. बिचाऱ्यानें आठवड्याची मजुरी घालून नवी कॉइल आणिली व बसविली. तरी ठिणगी नाहीं ती नाहींच! इकडे कौलें फुटून पाणी घरांत येत होतें.

वाचकहो, दोष कोठें होता हें समजण्यास ह्या यंत्राची रीत ठाऊक पाहिजे. ह्यांत बॅटरी नसते. दोरी ओढली म्हणजे फ्लायव्हील नांवाचें चाक फिरतें. त्याच्या कडेस बसविलेलें लोहचुंबक कॉइलच्या लोखंडाजवळून जातें, आणि कॉइलमध्यें वीज उत्पन्न होऊन ती हजारों व्होल्टच्या दाबानें प्लगाच्या टोकाशीं उडी मारते. मग यंत्र थांबवावयाचें कसें? स्विचापासून एक बारीक तार कॉइलकडे गेलेली असते. स्विच बंद केला कीं ती तार यंत्राच्या धातूस जोडली जाते, व ठिणगी मरते. म्हणजे ह्या यंत्रांत जोडणें हेंच थांबविणें होय. घरांतील दिव्याच्या नेमकें उलट! ही एक गोष्ट ज्यास उमगली त्याचे पुष्कळ पैसे वांचतील.

आतां परीक्षा. प्रथम प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलनें ओला असेल तर पेट्रोल येत आहे, ठिणगीचा संशय घ्यावा. अगदीं कोरडा असेल तर दोष बहुधा पेट्रोलच्या वाटेंत आहे, कॉइलला हात लावूं नये. काजळी पुसावी, टोकांतील अंतर सामान्यतः अर्धा मिलिमीटर असतें. नंतर भोकांत दुसरा जुना प्लग घट्ट बसवावा, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येऊन भडका होणार नाहीं. साखळीचा ब्रेक लावावा, स्विच चालूकडे ठेवावा, चांगल्या प्लगास टोप चढवून त्याचें धातूचें अंग यंत्राच्या उघड्या धातूस टेकवावें, आणि सावलींत दोरी ओढावी. निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. प्लग बोटांत धरूं नये. झटका जोराचा बसतो.

ठिणगी नसेल तर ती बारीक तार कॉइलपासून सोडवून पुन्हां दोरी ओढावी. आतां ठिणगी आली, तर कॉइल निर्दोष असून दोष तारेंत किंवा स्विचांत आहे. मात्र तार सोडलेल्या यंत्रानें लाकूड कापूं नये, कारण तें स्विचानें थांबणार नाहीं. इतकें करूनही ठिणगी न आली, तर प्लगाचा टोप व जाड तार पाहावी. मग कॉइल व चाक यांमधील अंतर पाहावें. बहुतेक यंत्रांत तें सुमारें 0.3 मिलिमीटर, म्हणजे भेटीच्या कार्डाच्या जाडीएवढें असतें. तरी यंत्राच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा. हें सर्व ठीक असेल तरच कॉइल बदलावी.

कांहीं कॉइली थंड असतां चालतात आणि तापल्या कीं मरतात. अशा यंत्राची परीक्षा तें बंद पडतांच, गरम असतांनाच करावी. सकाळीं थंड यंत्र दुकानांत नेऊन कांहींच सांपडत नाहीं. पण टांकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें तरी यंत्र असेंच थोड्या वेळानें थांबतें. झांकण सैल करतांच तें चालूं लागलें, तर कॉइलचा कांहीं अपराध नाहीं. ठिणगी चांगली, पेट्रोलही येतें, आणि दोरी ओढतां झटका मागें बसतो, असें असल्यास फ्लायव्हीलची चावी तुटून चाक सरकलें आहे काय तें पाहावें; तेव्हां ठिणगी पडते खरी, पण भलत्या वेळीं.

त्या तरुणाच्या यंत्राची बारीक तार आम्हीं सोडविली व दोरी ओढली, तों लख्ख ठिणगी पडली. मागच्या मुठीखालीं ती तार घांसून उघडी पडली होती व धातूस टेकत होती. यंत्र जणूं सदाच बंद केलेलें! तेवढ्या जागीं नवी तार जोडून वर नळी चढविली, स्विचानें यंत्र थांबतें हें दोनदां पाहिलें, आणि दुपारपर्यंत फांदी उतरली. त्याची जुनी कॉइल नंतर लावून पाहिली, ती अगदीं चांगली निघाली. दुकानदारानें नवी परत घेतली नाहीं. म्हणून जुनी आतां त्याच्या पेटींत राखून ठेविली आहे.